पाळी कधी गेली, एवढं तरी विचारा

प्रति,
गोव्यातल्या एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधांच्या) केंद्रांतले, सुरक्षा (लैंगिक आजारांच्या) क्लिनिकांतले आणि इस्पितळांच्या स्त्रीरोग विभागांतले डॉक्टर, समुपदेशक आणि लॅबमधले माझे जुने-नवे सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

तक्रार करायला बसले आहे: पाळी गेलेल्या, त्यातही एचआयव्ही असलेल्या बायकांच्या खालच्या आगीला आपण न बघताच जंतुसंसर्गाचं औषध देतो. पण पहिली तक्रार माझ्याच विरुद्ध आहे. एकतीस वर्षं मी लॅबमध्ये काढली. योनीतल्या स्रावाच्या ग्रॅम स्टेन केलेल्या (जंतू दिसावेत म्हणून रंग दिलेल्या) स्लाइड्स त्यात किती पाहिल्या याचा हिशेब नाही. या स्लाइडला गुण द्यायची जी पद्धत आपण वापरतो, तो न्यूजंट स्कोअर, १९९१ साली आला. तुम्हाला तो पाठ आहे, पण हे पत्र इतर बायकाही वाचतील म्हणून सांगते. जांभळे, जाडसर, काडीसारखे लॅक्टोबॅसिलस भरपूर दिसले की शून्य. ते कमी होत जातील तसे गुण चढतात. बारीक गुलाबी गार्डनरेला आणि वाकडे मोबिलंकस दिसले की आणखी चढतात. शून्य ते तीन ठीक, सात आणि वर गेलं की बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जंतूंचा तोल बिघडण्याचा आजार, आणि चार ते सहा म्हणजे ‘इंटरमीजिएट’, धड इकडचं नाही धड तिकडचं नाही.

आता यातली गोम बघा. लॅक्टोबॅसिलस अजिबात नसतील तर नुसत्या त्या गैरहजेरीचेच चार गुण होतात. स्लाइडवर दुसरा एकही जंतू नसला तरी चार. पन्नाशीतल्या बायकांच्या कितीतरी स्लाइड्स अशाच उजाड असतात. मी चार लिहायचे, कधी पाच लिहायचे, सही करायचे आणि पुढची स्लाइड घ्यायचे. फॉर्मवर वयाचा रकाना असायचा. तिकडे डोळा जायचा, पण त्या आकड्याचा या आकड्याशी काही संबंध आहे असं मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही डोकं चालवलं नाही. माझ्या त्या ‘इंटरमीजिएट’च्या जोरावर किती बायकांनी उगाच त्या आजारावरचं मेट्रोनिडाझोल गिळलं असेल, तोंडाला आठवडाभर लोखंडाची चव घेऊन फिरल्या असतील, देव जाणे.

डोकं चाललं ते माझी स्वतःची पाळी गेल्यावर. एकोणपन्नासाव्या वर्षी गेली. चवथीला आता कोणत्याही दिवशी नैवेद्याला हात लावता येईल, कावळा शिवायची कटकट संपली, म्हणून घरात सगळ्यांत जास्त आनंद मलाच. वर्षभरानं लघवीच्या वेळी आग व्हायला लागली. बसायला उठायला त्रास. मी आधी काय केलं असेल, तर स्वतःचीच स्लाइड केली आणि सगळे गेल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. एकही लॅक्टोबॅसिलस नाही. गोल, लहान, मोठ्या केंद्रकाच्या पॅराबेसल पेशी मात्र सगळीकडे. त्या पेशी म्हणजे अस्तराच्या खालच्या थरातल्या. वरचे थर पातळ झाले की त्या अशा उघड्यावर येतात. माझ्याच नियमानं मला चार गुण पडले. मी आजारी होते का? जंतुसंसर्ग म्हणाल तर नव्हता. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन संपलं होतं, एवढंच.

मला एचआयव्ही आहे की नाही, ते या पत्रात सांगणार नाही. २०१७ सालचा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून देशात लागू आहे, आणि माझी स्थिती कुणाला सांगायची हे ठरवायचा हक्क त्यानं माझ्याकडे ठेवला आहे. पत्र वाचताना तुम्हाला जो प्रश्न पडेल, तो पडू द्या.

निवृत्त झाल्यापासून मी एक काम करते. ज्यांना एकटीनं इस्पितळात जायचा धीर होत नाही अशा काही बायकांबरोबर जाते. गोवा केवढा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन तालुके ओलांडले तरी रांगेत मावसबहिणीची नणंद भेटते. म्हणून पेडण्याची बाई मडगाव गाठते आणि काणकोणची बांबोळीला येते, कदंब बसमध्ये अर्धा दिवस घालवून. मी बरोबर असले की विचारणाऱ्याला सांगता येतं, ‘हिच्या गुडघ्यासाठी आलोय.’

त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. गाव, इस्पितळ, केंद्र काही सांगणार नाही. वय अठ्ठेचाळीस. नवरा जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली. एचआयव्हीच्या गोळ्या एक दिवस चुकवलेल्या नाहीत, व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) कित्येक वर्षं सापडत नाही. पाळी त्रेचाळिसाव्या वर्षीच गेली. तीन वर्षं तिला खाली आग, कधी पिवळसर पाणी, कधी कोरडं पडून चिरल्यासारखं. दर वेळी तिनं डॉक्टरांना एकच वाक्य सांगितलं, ‘दोतोर, सकयल लासता.’ खाली जळतंय. आणि दर वेळी तिच्या हातात हिरवं पाकीट पडलं.

हिरवं पाकीट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या) रंगीत किटांपैकी दुसऱ्या क्रमांकाचं, सेक्निडाझोल दोन ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल दीडशे मिलिग्रॅम. स्लाइड नाही, तपासणी नाही, तरीही स्राव असलेल्या बाईला त्याच दिवशी औषध मिळावं म्हणून ही पद्धत काढली आणि ती वाईट नाही. पंचविशीतल्या बाईला व्हजायनोसिस, ट्रायकोमोनास किंवा कॅन्डिडा यांपैकी काही ना काही असण्याची शक्यता मोठी, आणि ही दोन औषधं मिळून तिन्हींना पुरतात. पण पाळी जाऊन पाच वर्षं झालेल्या बाईच्या खाली जळतंय, ते बहुतेकदा या तिघांपैकी कशानंच नसतं. अस्तर वाळलेलं असतं. सेक्निडाझोलनं अस्तर ओलं होत नाही.

तिसऱ्या पाकिटानंतर ती मला म्हणाली, ‘बाय, तो परत वर येतोय वाटतं.’ तो, म्हणजे व्हायरस. तिचा समज असा झाला होता की गोळ्यांनी रक्तातून हाकललेला व्हायरस आता खालून बाहेर पडतोय. रिपोर्टवर ‘सापडत नाही’ लिहिलेलं होतं, पण तिचा विश्वास शरीरावर जास्त. मग तिनं डेटॉल घातलेल्या पाण्यानं धुवायला सुरुवात केली. रोज, दोनदा. ज्या दोन-चार लॅक्टोबॅसिलसनी अजून तग धरला असेल त्यांचाही निकाल.

हे तिला कुणी विचारलं नव्हतं: पाळी कधी गेली?

आता ही पिढी कोण, ते जरा आठवा. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला एचआयव्ही असल्याच्या एकाच कारणावरून गोव्याच्या आरोग्य कायद्याखाली पकडून ६४ दिवस एका बंद पडलेल्या क्षयरोग इस्पितळात एकटं डांबून ठेवलं होतं. तो सुटला, लढला, १९९२ साली गेला. त्या काळात ज्या मुली वीस-बावीस वर्षांच्या होत्या, त्यांनी त्या बातमीतून एक गोष्ट शिकून घेतली: बोलायचं नाही. त्यातल्या काहींना पुढच्या दहा वर्षांत नवऱ्याकडून लागण झाली. २००४ च्या एप्रिलपासून सरकारनं एआरटी फुकट द्यायला सुरुवात केली आणि त्यातल्या बऱ्याच जगल्या. जगल्या म्हणून पन्नाशीला आल्या. हे यश तुमचं आहे, त्यात शंका नाही. फक्त या बायका म्हाताऱ्या होतील, त्यांची पाळी जाईल, याची तयारी कुठे दिसत नाही. ‘गरोदर आहात का’ हे विचारायची सवय सगळ्यांना आहे. त्याच्या पुढच्या वयाचा प्रश्न कुणाच्या जिभेवर नाही.

योनीत काय घडतं ते मी माझ्या पद्धतीनं सांगते. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरातल्या पेशींत ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठतं. पेशी गळून पडतात, ग्लायकोजेन फुटतं, लॅक्टोबॅसिलस त्यावर जगतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. त्या आम्लानं पीएच (आम्लतेचा आकडा; जितका खाली तितकं आम्ल जास्त) साडेचारच्या खाली राहतो आणि बाकीच्या जंतूंना पाय रोवता येत नाहीत. दह्याच्या विरजणाचे हे भाऊबंद. डोडरलाइन नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८९२ साली त्यांचं वर्णन केलं तेव्हापासून ते पुस्तकात आहेत.

आपल्या खाजन शेतांसारखं आहे हे. भरतीचं खारं पाणी बांधाशी येऊन थांबतं, मानशीचं (बांधातल्या झडपेचं) दार मिटतं, आत भात पिकतं. बांध सांभाळणारे हात गेले की पहिल्या पावसाळ्यात काही कळत नाही. मग एका ठिकाणी भगदाड, थोडं खारं पाणी आत, आणि दोन-चार वर्षांत भाताच्या जागी खारफुटी. इस्ट्रोजेन गेलं की पीएच पाच, सहा, कधी सातपर्यंत चढतो. लॅक्टोबॅसिलसच्या जागी प्रिव्होटेला, स्ट्रेप्टोकोकस आणि आतड्याकडचे पाहुणे येतात. मात्र खारफुटी उगवली म्हणजे जमिनीला रोग झाला असं खाजनवाला म्हणत नाही. जमीन बदलली, असं म्हणतो. एवढा फरक आपण लॅबवाल्यांनी केला नाही.

व्हजायनोसिस ओळखायचे अॅमसेलचे निकषही असेच. पीएच साडेचारच्या वर असणं हा त्यातला एक. पाळी गेलेली बाई तो निकष घरून निघतानाच पूर्ण करून येते.

आणि एचआयव्ही असेल तर? तर बांध आधीपासूनच कच्चा असतो. एचआयव्ही असलेल्या बायकांत पाळी चालू असतानाही लॅक्टोबॅसिलस कमी आणि व्हजायनोसिस जास्त, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. योनीच्या अस्तराखाली पहारा देणाऱ्या, रोगाशी लढणाऱ्या सीडी-४ पेशींवरच या व्हायरसचा डोळा असतो. गोळ्यांनी रक्त स्वच्छ झालं तरी शरीरातली बारीक सूज पूर्ण विझत नाही. काही अभ्यासांत या बायकांची पाळी इतरांपेक्षा लवकर गेल्याचं दिसतं. आपल्या देशात तशीही ती सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते, पाश्चात्त्य देशांतल्या एक्कावन्नच्या मानानं आधीच लवकर. इथे एक सावधगिरी. आजारपणानं वजन उतरलं, सीडी-४ खाली गेले, तरी पाळी महिनोन्‌महिने थांबते आणि ती रजोनिवृत्ती नसते. बारा महिने सलग पाळी नाही हा नियम एचआयव्ही असलेल्या चाळिशीतल्या बाईला डोळे मिटून लावू नका. शंका वाटली तर रक्तातलं एफएसएच हे हार्मोन बघा.

म्हणजे दोन गोष्टी एकावर एक चढतात, आणि बाईच्या वाट्याला दोन उत्तरं येतात. एक डॉक्टर म्हणतो, ‘तुमच्या त्या आजारामुळे.’ दुसरा म्हणतो, ‘वय झालं.’ दोन्ही उत्तरांत तिला औषध मिळत नाही. पहिलं तर मला चीड आणणारं आहे. ‘तुमच्या त्या आजारामुळे’ हे वाक्य टेबलापलीकडून ज्या बाईनं वीस वर्षं ऐकलंय, ती पुढच्या वेळी तक्रारच सांगत नाही. दुखणं अंगावर काढते. आपल्या भाषेत हा शब्दप्रयोग किती सहज बसलाय बघा.

घाबरवायला हे लिहीत नाही, म्हणून एक गोष्ट मोठ्यानं सांगते. व्हायरल लोड टिकाऊपणे सापडण्याच्या खाली असेल तर शरीरसंबंधातून एचआयव्ही पुढे जात नाही. पाळी गेली, लॅक्टोबॅसिलस गेले, तरी हे बदलत नाही. माझ्या त्या मैत्रिणीला हे वाक्य कुणीतरी केंद्रात, खुर्चीत बसवून, सावकाश सांगायला हवं होतं. ते मी बसस्टॉपवर सांगितलं. ज्यांच्या रक्तात व्हायरस अजून आटोक्यात नाही त्यांच्याबाबत मात्र व्हजायनोसिस असताना योनीत व्हायरस जास्त उतरतो. आणि ज्यांना लागण नाही अशा बायकांत व्हजायनोसिसमुळे एचआयव्ही लागायचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी वाढलेला दिसतो. तेव्हा खरं व्हजायनोसिस असेल तिथे औषध द्यायलाच हवं. माझं भांडण न बघता देण्याशी आहे.

बघायला काय लागतं? पीएचची कागदी पट्टी, थेंबभर पोटॅशियम हायड्रॉक्साइड, एक काचपट्टी. पट्टी साडेपाच दाखवते, थेंब टाकल्यावर मासळीचा वास नाही, क्लू सेल (जंतूंनी लडबडलेल्या पेशी) नाहीत, पॅराबेसल पेशी भरलेल्या आहेत आणि बाईची पाळी गेलेली आहे. झालं, हे रजोनिवृत्तीचं कोरडेपण. वास आहे, क्लू सेल आहेत, तर व्हजायनोसिस, मग वय काहीही असो. लॅबमधल्या माझ्या भगिनींनो, रिपोर्टवर नुसता आकडा लिहू नका. ‘लॅक्टोबॅसिलस नाहीत, पॅराबेसल पेशी आहेत, वय बघून अर्थ लावावा’ एवढी एक ओळ खाली टाका. मी ती ओळ शेवटची चार वर्षं लिहिली. एका डॉक्टरनं फोन करून ‘हे कोणी लिहायला सांगितलं’ असं दरडावलं. दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी आभार मानले. हिशेब बरोबर.

मग औषध. जागेवर लावायचं इस्ट्रोजेन, एस्ट्रिऑलचं क्रीम. पन्नास वर्षांच्या बाईला हार्मोन म्हटलं की सगळे दचकतात. जागेवर लावलेलं रक्तात फार थोडं उतरतं, पोटात घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांशी त्याची गल्लत करू नये. १९९३ साली छापलेला एक अभ्यास मला तोंडपाठ आहे, कारण त्यात माझे जुने ओळखीचे लॅक्टोबॅसिलस होते. पाळी गेलेल्या आणि लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होणाऱ्या ९३ बायका. पन्नास जणींना एस्ट्रिऑल क्रीम, बाकीच्या त्रेचाळीस जणींना बिनऔषधी. दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. सुरुवातीला कुणाच्याच योनीत लॅक्टोबॅसिलस नव्हते. महिन्याभरात क्रीमवाल्या ६१ टक्के बायकांत ते परतले, दुसऱ्या गटात एकीतही नाही. लघवीचा संसर्ग बिनऔषधी गटात वर्षाला सरासरी ५.९ वेळा झाला, क्रीमवाल्यांत ०.५. बांध घातला आणि भात पुन्हा उगवलं. तो अभ्यास एचआयव्ही असलेल्या बायकांसाठी केलेला नव्हता हे मान्य, आणि त्यांच्यासाठी खास अभ्यास व्हायला हवेत. पण कोरड्या अस्तराला ओलावा लागतो, हे कळायला त्यांनी थांबावं असं मला वाटत नाही. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर डॉक्टरांनी आधी विचार करावा. आणि पाळी गेल्यावर रक्ताचा एक ठिपका जरी दिसला तरी क्रीम नाही, आधी तपासणी. हे बायकांनीही लक्षात ठेवा.

सरकारकडे माझं मागणं सरळ आहे: हे क्रीम एआरटी केंद्राच्या औषधांच्या खिडकीवर, गोळ्यांबरोबर मिळू द्या. बाहेर मेडिकलमध्ये जाऊन ते मागायला तोंड उघडावं लागतं, आणि दुकानदार गावचाच असतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाकडे येते, कारण तिथे ही जंतूंची गोष्ट जिवावर येते. एचआयव्ही असलेल्या बाईला हा कर्करोग व्हायचा धोका इतरांच्या सहापट आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो होतो एचपीव्ही या दुसऱ्याच व्हायरसमुळे. निरोगी शरीर बहुतेक वेळा एचपीव्हीला दोनेक वर्षांत घालवून लावतं. लॅक्टोबॅसिलस भरपूर असलेल्या बायकांत तो लवकर जातो आणि ते नसलेल्यांत रेंगाळतो असा संबंध अनेक अभ्यासांत दिसतो. कोण कोणाला कारण, याचा वाद अजून चालू आहे, तो शास्त्रज्ञांना घालू द्या. आपल्या कामाचं एवढंच की पाळी गेलेली, एचआयव्ही असलेली बाई वय, एचआयव्ही आणि एचपीव्ही या तिन्ही वाटांच्या तिठ्यावर उभी आहे. आणि तिची तपासणी आपण कशानं करतो? व्हिनेगरच्या पाण्यानं, म्हणजे व्हीआयएनं. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस ते पासष्ट वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी तीच ठेवलेली आहे. पाळी गेल्यावर गर्भाशयमुखाचा जो भाग बघायचा असतो तो आत नळीत सरकतो. व्हिनेगर कितीही लावा, जे दिसतच नाही ते पांढरं कसं होणार? पॅपची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची, स्लाइडही या वयात फसवते. वाळलेल्या पेशी कधी कधी बिघडलेल्या पेशींसारख्या दिसतात. अशा वेळी काही आठवडे एस्ट्रिऑल देऊन स्लाइड पुन्हा करायची ही जुनी, साधी युक्ती आहे. ती किती जण वापरतात?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली सांगितलं आहे: एचआयव्ही असलेल्या बाईची एचपीव्ही डीएनए चाचणी पंचविसाव्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी. नमुना बाई स्वतःच्या हातानं घेऊ शकते. संडासात जाऊन, दार लावून, एक काडी फिरवायची. मला विचाराल तर आमच्यासारख्यांसाठी यापेक्षा मोठी सोय नाही. कोरड्या योनीत थंड स्पेक्युलम (आत बघायचं उपकरण) घालून घ्यायची वेळ ज्यांच्यावर आली आहे त्यांना विचारा. आणि घालायचंच असेल तर लहान आकाराचं घ्या, कोमट पाण्यात बुडवा, पडदा ओढा. दार उघडून कुणी ‘पुढची फाइल कुणाची’ असं विचारत आत येऊ नये. हे सगळं मी पाहिलं आहे.

दोन शब्द समुपदेशकांसाठी. तुम्ही कंडोमबद्दल बोलता, चांगलं करता. पण विधवा म्हटली की हा विषय संपला असं समजू नका. पन्नाशीतल्या बाईला जोडीदार असू शकतो, आणि तो आहे हे ती आपणहून सांगणार नाही. तिच्या कोरडेपणावर उपाय म्हणून आपल्या घरात काय असतं? नारळाचं तेल. तेलानं लेटेक्सचा कंडोम फाटतो. योनीत लावायच्या काही क्रीमनीही कमकुवत होतो. पाण्यावर आधारलेलं जेल वेगळं मिळतं, हे तिला तुमच्याशिवाय कोण सांगणार?

घरगुती उपायांचंही बोलून टाकते. दही लावायचा सल्ला मला तीन वेगवेगळ्या शिकलेल्या बायकांनी दिला. विरजणातले लॅक्टोबॅसिलस दुधातले, योनीतले वेगळे; हा दुधात वाढतो, तो तिथल्या ग्लायकोजेनवर. दही सोलकढीशेजारी ताटात शोभतं. कडुलिंबाचं पाणी, त्रिफळा, डेटॉल, जाहिरातीतली सुवासिक बाटली, यातलं काही आत जाऊ नये. योनी आतून धुवायची नसते. प्रोबायोटिकच्या कॅप्सूलांबद्दल विचाराल, तर लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस योनीत सोडून केलेला एक चांगला अभ्यास २०२० साली आला. उपचारानंतर व्हजायनोसिस उलटण्याचं प्रमाण बारा आठवड्यांत ४५ टक्क्यांवरून ३० वर आलं. वाचून फार आनंद झाला. मग कुणाला घेतलं होतं ते वाचलं: वय अठरा ते पंचेचाळीस, पाळी चालू. आमचं नाव नेहमीप्रमाणे यादीच्या बाहेर.

माझ्या मैत्रिणीचं पुढे काय झालं ते राहिलं. एका तरुण डॉक्टरबाईंनी, चौथ्या पाकिटाआधी, तिला विचारलं, ‘मावशी, पाळी कधी गेली?’ मग पट्टी लावली, बघितलं, क्रीम दिलं, डेटॉलची बाटली टाकायला लावली. दीड महिन्यानं ती मला म्हणाली की आता ती बसमध्ये बसून येते, पूर्वी उभी राहायची. माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं की ती रिकाम्या बसमध्येही उभी असते.

तिची एचपीव्ही चाचणी अजून व्हायची आहे. पुढची तारीख चवथ झाल्यावरच्या सोमवारची आहे. आम्ही दोघी सकाळच्या पहिल्या बसनं निघू. मी बाहेर बाकावर असेन, पिशवीत पीएच पट्ट्यांचं एक न फोडलेलं पाकीट घेऊन. तुमच्याकडच्या संपल्या असतील तर मागून घ्या.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
फोंडा तालुका